पाण्याच्या कॅनला मिळालेला होकार

सकाळचे साडेनऊ वाजायच्या आतच जिना भरला होता. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलकडे जाणारा तो लाकडी जिना, दोन माणसं अंग चोरूनच शेजारीशेजारी मावतील इतका अरुंद, आणि त्याच्या पायरीपायरीवर माणसं टोकन धरून बसलेली. कुणाच्या मांडीवर गेलेल्या माणसाचा फोटो होता, कुणाच्या हातात त्याचा चष्मा. वरचं दार थोड्याथोड्या वेळाने उघडायचं आणि जो बाहेर येई त्याच्या चेहऱ्याकडे सगळे निकाल वाचावा तसे बघायचे. आत्ता एक निवृत्त हेडक्लार्क बाहेर आला होता. आयुष्यभर कुणाच्या अर्जावर सुखासुखी सही न केलेला तो माणूस चौकटीला धरून रडत होता.

"आमची ही आली होती," तो म्हणाला. "चालत आली, माझ्या पायांशी थांबली."

जिन्यावर सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला. सातव्या पायरीवर बसलेल्या धाकटीने मात्र सोडला नाही. ती घरातलं शेंडेफळ म्हणून धाकटी. डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, प्रबंध अर्धा लिहून पडला होता आणि गेला आठवडाभर तिने आईशी वाद घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शेजारी आई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर, बाबा गेल्यानंतरच्या सात महिन्यांत पहिल्यांदाच, थोडी टवटवी दिसत होती, आणि धाकटीला नेमकी तिचीच धास्ती वाटत होती.

एवढ्यात दारात दुभाषी आला. तो स्वतःला महाराज म्हणवून घेत नसे, बाबा तर मुळीच नाही. "मी फक्त दुभाषी आहे," असं तो कॉलरला लावलेल्या माइकमधून सांगायचा. पुढे सगळी सरमिसळ सुरू व्हायची. गेलेला माणूस जात नाही, तो कंपनं बदलतो. विज्ञान तिथे पोचायला अजून वेळ आहे, पण पोचेल, कारण विज्ञानही शेवटी श्रद्धाच असते. आत उभं राहायचं, प्रश्न मनात धरायचा, तोंडाने बोलायचं नाही. आपल्या माणसाची पावलं ऐकू येतील. उजेड पायांशी आला तर होकार, भिंतीपाशीच राहिला तर नकार. हे सगळं तो इतक्या आर्जवाने सांगायचा की शंका घेणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं.

आईचा प्रश्न साधा होता. तिच्या पोटात गाठ होती. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ लहान आहे, आत्ता काढू या, दोन महिन्यांनी काय परिस्थिती असेल ते मी आज सांगू शकणार नाही. येत्या गुरुवारची तारीख मिळाली होती, आणि येणार की नाही ते मंगळवारी पाचपर्यंत कळवायचं होतं. आईने आत जाऊन तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उजेड भिंतीपाशीच राहिला. "हे नको म्हणतात," असं तिने घरी येऊन सांगितलं आणि फाइल कपाटात ठेवून दिली. धाकटीने समजूत घातली, भांडली, रडली. तिच्या नाकी नऊ आले, आई मात्र जागची हलली नाही. शेवटी आई म्हणाली, एकदा येऊन तर बघ. म्हणून ती आज, शनिवारी, इथे येऊन बसली होती.

रांग वर सरकली तसा दारावरचा कागद दिसू लागला. लोक तो हात जोडून वाचत होते. पादत्राणं बाहेर काढावीत. फोन बंद ठेवावा. एका वेळी एकच व्यक्ती. अकरा मिनिटांहून अधिक काळ थांबू नये. पुढच्या पायरीवरच्या बाई शेजारणीला समजावत होत्या की अकरा हा आकडा उगाच नाही, त्यात एकावर एक असतो, म्हणजे इथला आणि तिथला.

धाकटीने कागद दोनदा वाचला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. हा कागद तिने लिहिला होता. "अधिक काळ" हे शब्दसुद्धा तिचेच.

सव्वा वर्षापूर्वीची गोष्ट. तिने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काळ्या पडद्यांची एक खोली उभारली होती, नाव ठेवलं होतं 'लाजरी खोली'. कल्पना अशी की खोलीने माणसाला बुजावं. फळ्यांच्या जमिनीखाली वजन ओळखणारे पट्टे होते. माणूस वीस सेकंद अगदी स्थिर उभा राहिला की दूरच्या भिंतीवरचा उबदार उजेड हळूहळू त्याच्याकडे यायचा आणि उजेडाबरोबर जमिनीतल्या स्पीकरमधून पावलं यायची. माणूस चुळबुळला, वजन या पायावरून त्या पायावर गेलं, की उजेड मागे फिरायचा. चपला काढायच्या, कारण तळांना चिकटलेल्या खड्यांनी फळ्यांचा रंग खरवडत होता. एका वेळी एकच, कारण दोघांचं वजन पट्ट्यांना कळत नव्हतं. अकरा मिनिटं, कारण बाराव्या मिनिटाला तिचा जुना लॅपटॉप तापून बंद पडायचा.

प्रदर्शन संपलं की तीन दिवसांत वर्कशॉप मोकळं करायचं, उरलेलं भंगारात, असा कॉलेजचा नियम. त्या तीन दिवसांत एक सद्गृहस्थ तिच्या खोलीत चार वेळा येऊन उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, रुग्णालयात वाट बघत बसलेल्या नातेवाइकांसाठी अशी शांत जागा हवी. तिने लॅपटॉपसकट सगळं आनंदाने देऊन टाकलं, वर कशी चालवायची ते नीट लिहून दिलं. तेव्हा त्यांच्या कॉलरला माइक नव्हता, आणि आता वाढवलेली दाढीही नव्हती.

तिचा नंबर आला. ती आत गेली. सगळं आपल्या हातचं, कुठला पट्टा कुठे तेही पाठ, तरी ती सवयीने मधल्या फळीवर स्थिर उभी राहिली. वीस सेकंद झाले. अंधारातून पावलं आली, उजवं नीट पडणारं आणि डावं जरासं घसटणारं, संध्याकाळी घरात सैल सपाता घालून बाबा चालायचे तसं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ती पावलं तिने स्वतः रेकॉर्ड केली होती, कुणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी क्षणभर ते बाबाच होते. त्या क्षणी तिला आईचा राग आला नाही. स्वतःची मात्र लाज वाटली.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. 

"तू केलीस, बरं," आई म्हणाली. "दार सुतार करतो. म्हणून त्यातून येणारा माणूस खोटा होतो का?"

 शहाणी माणसंही फसतात ती अशी. कुणी मूर्ख असतं म्हणून नव्हे, तर त्यांना हवं असलेलं माणूस दारापलीकडे असतं म्हणून.

रविवारी तिने प्रयोगाची वही काढली. त्रेसष्ट लोकांना तिने खोलीत उभं केलं होतं आणि बाहेर आल्यावर काय वाटलं ते टिपलं होतं. त्यातले एकेचाळीस जण म्हणाले होते की खोलीला आमच्या मनातलं कळतं. त्या पानाखाली तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'यशस्वी'. मार्गदर्शक बाईंनी शेजारी बरोबरची खूणही केली होती. यापुढे काय, हा प्रश्न दोघींनाही पडला नव्हता. मनातलं कळतं असं वाटायला लावणारी वस्तू बनवायची, तिच्याबद्दल शाबासकी घ्यायची आणि ती पहिल्या मागणाऱ्याच्या हवाली करायची.  मग पुढची पानं वाचताना धाकटीला एक गोष्ट दिसली, जी तेव्हा तिने किरकोळ म्हणून सोडून दिली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेल्या मुलांपैकी एकाच्याही पायांशी उजेड आला नव्हता.

सोमवारी ती वर्कशॉपमध्ये जाऊन सुतारकाकांना भेटली. ते तिथले जुने सुतार, निवृत्तीला चार महिने उरलेले. बोलणं मोजकं. तिचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि विचारलं, "माझ्या फळ्या नीट आहेत का तिथे?" मग म्हणाले, उद्या साडेदहाला येतो.

मंगळवारी हॉलमध्ये, काळ्या पडद्यांच्या त्या खोलीसमोर, चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. आईचा नंबर अकराच्या सुमारास होता. ती चौथ्यांदा विचारणार होती. म्हणाली, शेवटचं विचारते, या वेळी हो म्हणाले तर जाईन. धाकटी शेजारी बसून घड्याळाकडे बघत होती. हेडक्लार्कही पुन्हा आला होता.

साडेदहाला जिन्यावर पाऊल वाजलं. उजवं नीट, डावं घसटत. पुन्हा उजवं, पुन्हा डावं. हॉलमधली कुजबुज थांबली. हेडक्लार्क उभा राहिला. एका बाईने तोंडावर हात धरला. आईची बोटं धाकटीच्या मनगटात रुतली आणि ती दाराकडे बघत राहिली. तिचा चेहरा धाकटीला पाहवेना.

दारात सुतारकाका आले. कानामागे पेन्सिल, हातात चपलांचा जोड, चालून आलेला दम.

"जिना फार उभा आहे," ते म्हणाले. "वरून तिसरी पायरी हलतेय. सांगा कुणाला तरी, पडेल माणूस."

 धाकटी उठली.  हे आमच्या कॉलेजातले सुतारकाका, ती म्हणाली. वीस वर्षांपूर्वी यांच्या डाव्या पायावर तुळई पडली. तुम्ही आत जी पावलं ऐकता ती यांची आहेत, मीच रेकॉर्ड केली. आधी मैत्रिणीची घेतली, माझी घेतली, पण कुणाला काही वाटेना. यांची वाजवली तेव्हा प्रत्येकाला आपलं कुणीतरी आल्यासारखं वाटलं. मग तिने काकांना चालून दाखवायला सांगितलं. ते कानकोंडे होऊन खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चार फेऱ्या चालले.

हेडक्लार्क त्यांच्या पायांकडे एकटक बघत होता.

"पण तिचा पाय घसटत नव्हता," तो हळूच म्हणाला, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "ती भराभर चालायची. मीच मागे पडायचो."

दुभाष्याच्या तोंडचं पाणी पळालं असेल, पण त्याने ते दिसू दिलं नाही. त्याने आधी माइक बंद केला आणि तो धाकटीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, लोकांना शांतता मिळावी म्हणूनच केली होतीत ना खोली? मी तेच देतोय."

हे तिला लागलं, कारण त्यात अर्धं खरं होतं.

"तुम्ही उत्तरं देताय," ती म्हणाली. "मी त्यात उत्तरं ठेवली नव्हती."

मग दुभाष्याने माइक पुन्हा सुरू केला आणि लोकांना समजावलं की पावलं हे केवळ माध्यम असतं, टपाल सायकलवरून आलं म्हणून पत्र सायकलचं होत नाही. उजेड मात्र प्रेमालाच येतो. निर्जीव वस्तूला, कोरड्या मनाला तो आजवर कधी आलेला नाही आणि येणारही नाही. दोनचार माना डोलल्या. आईचीही डोलली.

धाकटी याच वाक्याची वाट बघत होती. तिने सुतारकाकांना खूण केली. दाराशी लोकांसाठी पिण्याच्या पाण्याचे कॅन ठेवले होते, वीस वीस लिटरचे. काकांनी फळ्यांच्या काळजीने अनवाणीच जाऊन त्यातले दोन भरलेले कॅन आत नेऊन मधल्या फळीवर शेजारीशेजारी ठेवले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. दुभाषी अडवायला पुढे झाला, तर हेडक्लार्क त्याच्या वाटेत उभा राहिला. माणसांना वाटेत अडवून ठेवण्याचा त्याला तीस वर्षांचा अनुभव होता.

धाकटीने पडदा बाजूला धरला. सगळे दाटीवाटीने बघू लागले. वीस सेकंद काही झालं नाही. मग आत पावलं वाजू लागली, आणि लोकांनी वळून पाहिलं तर काका बाहेरच उभे होते, दोन्ही पाय जमिनीवर स्थिर. दूरच्या भिंतीवरचा उजेड सुटला, सरकत सरकत आला आणि कॅनभोवती येऊन थांबला. निळ्या प्लॅस्टिकमधलं पाणी सोन्यासारखं झळाळलं. इतका स्वच्छ, इतका वेळ टिकलेला होकार त्या हॉलमध्ये कुणालाच मिळाला नव्हता.

मागे कुणीतरी हसलं, पण ते हसू तिथेच विरलं.

धाकटी आत गेली आणि मधल्या फळीबाहेर उभी राहून तिने एका कॅनला हात लावून तो हलकेच डोलवला. उजेड मागे सरकला आणि भिंतीला जाऊन चिकटला.

"आता नकार आला," ती म्हणाली. "कॅनचा विचार बदलला म्हणून नाही. कॅन हलला म्हणून."

मग तिने फळी उचलून खालचे पट्टे आणि वायर दाखवली, लॅपटॉप कुठल्या पेटीत आहे ते दाखवलं. स्थिर उभं राहिलं की उजेड येतो, हललं की जातो, याहून जास्त या खोलीला काही येत नाही. आणि मनात भीती असली की माणूस स्थिर उभा राहूच शकत नाही, आपण हलतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. म्हणून ज्याला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती, त्या गोष्टीला इथे नकार मिळतो. सांगताना ती लोकांकडे बघत होती, पण बोलत होती एकट्या आईशी.

पुढे टाळ्या झाल्या, दुभाष्याला लोकांनी घेरलं, असं लिहायला हरकत नव्हती, पण तसं झालं नाही. दहाबारा जण मुकाट्याने जिना उतरून गेले. काही जण खुर्च्यांवर तसेच बसून राहिले. दुभाष्याने जाहीर केलं की नकारात्मक कंपनांमुळे आजचं सत्र स्थगित आहे. आणि एक म्हाताऱ्या बाई गर्दीतून पुढे आल्या, त्यांनी रिकामा पेला धाकटीसमोर धरला आणि विचारलं, त्या उजेडातलं पाणी थोडं मिळेल का. धाकटीने हात टेकले. सुतारकाकांनी कॅन उचलून जागेवर आणून ठेवला आणि त्यांना पेला भरून दिला. म्हणाले, साधं पाणी आहे, तहान लागली असेल तर प्या. महिनाभराने दुसऱ्या कुठल्याशा हॉलवर तोच कागद लागल्याचं कानावर आलं, या वेळी शेवटी 'प्रश्न विचारणाऱ्यांनी आत येऊ नये' अशी ओळ वाढवून.

दोघी खाली फुटपाथवर आल्या. दुकानाबाहेर मांडलेल्या नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडत होतं. तिथेच आई थांबली.

"म्हणजे हे नको म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मग हो?"

धाकटीला हो म्हणता आलं असतं. एका शब्दात काम झालं असतं, फाइल कपाटातून निघाली असती. तो शब्द तिच्या ओठांवर आलासुद्धा होता.

"नाही, आई. बाबा काहीच म्हणाले नाहीत."

आईने तिच्याकडे बघितलं. "सात महिन्यांनी मिळाले होते," ती म्हणाली. "तू परत नेलेस." घरापर्यंत ती रडत होती, आणि धाकटीने तिला रडू दिलं. खरं सांगणाऱ्याला दरवेळी आभार मिळतात असं नाही. बरेचदा समोरच्याचं रडणं तेवढं वाट्याला येतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

चार वाजता आईने कपाटातून फाइल काढली आणि धाकटीला फोन लावायला सांगितला. सर्जनबाई फोनवर आल्यावर, इतके दिवस अंधारात मनातल्या मनात विचारलेलं सगळं तिने मोठ्याने विचारलं. किती वेळ लागेल, भूल उतरली नाही तर, गाठ वाईट निघाली तर. बाई एकेक सांगत गेल्या. शेवटच्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, ते मला आत्ता माहीत नाही, काढून तपासल्यावरच कळेल. आई म्हणाली, येते गुरुवारी.

नंतर तिने धाकटीला सांगितलं की त्या 'मला माहीत नाही' म्हणाल्या तेव्हा तिला धीर आला. यात सगळं आलं. ज्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, त्याला जरा पडदा बाजूला करायला सांगावं. आपलं गेलेलं माणूस आठवणीत ठेवावं, त्याच्यासाठी हवं तेवढं रडावं, पण त्याच्या नावाने कुणी निर्णय सांगू लागला तर खालची फळी उचलून बघावी. आणि आपण स्वतः अशी एखादी फळी बसवणाऱ्यांपैकी असलो, तर खाली काय आहे ते आधी सगळ्यांना सांगावं.

गुरुवारी सकाळी आईला आत नेताना तिचे हात थरथरत होते. स्ट्रेचरच्या कडेचा लोखंडी दांडा त्या थरथरीने बारीक वाजत होता. तिने ते हात चादरीखाली लपवायचा प्रयत्न केला.

"राहू दे, आई," धाकटी तिचा हात धरून म्हणाली. "थरथरलीस तरी चालेल. इथे त्याचा अर्थ कुणी 'नको' असा लावणार नाही."